उसना आवाज आणि त्यातली फट

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जगभर नावाजलेल्या उपहासात्मक कादंबऱ्या वाचल्या, तसे सिनेमेही पाहिले. तळटीपा वाचल्या की कोण कोणाला टोचतंय ते कळतं, पण हसू काही येत नाही. उपहास त्या त्या समाजापुरताच असतो का? नसेल, तर परका उपहास वाचायचा कसा आणि सुरुवात कुठून करायची?"

हा प्रश्न मला वरचेवर कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारताना सूर थोडा ओशाळलेला असतो. आपलीच अक्कल कमी पडली की काय, असा. तसं समजायचं कारण नाही. बावीस वर्षं मी अनुवाद करते आहे, त्यातली बरीचशी सिनेमाच्या सबटायटलांत गेली. माझा अनुभव असा की तळटिपेने उपहास समजतो, पण लागत नाही. तळटीप फक्त निशाणा सांगते: हा मंत्री म्हणजे तो मंत्री, हे डुक्कर म्हणजे तो हुकूमशहा. निशाणा हा उपहासातला सगळ्यात सोपा भाग.

खरी गोम आवाजात असते. उपहास करणारा स्वतःच्या आवाजात फारसा बोलतच नाही. तो कुणाचा तरी आवाज उसना घेतो: सरकारी अहवालाचा, धर्मोपदेशकाचा, अग्रलेखाचा, अनुभवी शहाण्या माणसाचा. आणि त्या आवाजात एक बारीक फट ठेवतो, जिच्यातून मागे उभा असलेला माणूस दिसावा. मूळ वाचकाच्या कानावर तो आवाज रोज पडत असतो, त्यामुळे कुठे सूर हलला ते त्याला ताबडतोब जाणवतं. तुम्ही तो आवाज पहिल्यांदाच ऐकताय. मग फट दिसणार कशी?

(शब्दाबद्दल थोडं. 'सटायर'साठी मराठीत नेमका एक शब्द नाही. उपहास, उपरोध, विडंबन, व्यंग असे चार-पाच आहेत आणि प्रत्येकाची हद्द वेगळी. मी इथे 'उपहास' धरून चालते. संस्कृत साहित्यशास्त्रातलं 'व्याजस्तुती' हे नाव मला खरं तर जास्त आवडतं: वरून स्तुती, आतून निंदा. यातलं 'व्याज' म्हणजे बहाणा, सोंग, बँकेतलं नव्हे.)

दोन इंग्रजी पुस्तिका शेजारी शेजारी ठेवल्या की हे फटीचं प्रकरण चटकन कळतं. पहिली डॅनियल डिफोची, डिसेंबर १७०२ मधली. डिफो स्वतः 'डिसेंटर', म्हणजे अधिकृत चर्चच्या बाहेरचा प्रोटेस्टंट. डिसेंटरांचा बंदोबस्त करा, असा गजर तेव्हा कडवे चर्चवाले करत होते. डिफोने त्यांचाच आवाज उचलला आणि निनावी पुस्तिका काढली: यांच्या सभेला जो सापडेल त्याला देशाबाहेर काढा, आणि जो प्रवचन देईल त्याला फासावर द्या, म्हणजे प्रश्न कायमचा मिटेल. नक्कल इतकी हुबेहूब उतरली की काही कडव्यांनी ती खरी मानून डोक्यावर घेतली आणि डिसेंटर धास्तावले. लेखक कोण ते फुटल्यावर दोन्ही बाजू त्याच्यावर उलटल्या. जुलै १७०३ मध्ये डिफोला तीन दिवस भर रस्त्यात मान आणि हात लाकडी चौकटीत अडकवून उभं केलं गेलं. नकलेत त्याने फट ठेवलीच नव्हती.

दुसरी पुस्तिका सत्तावीस वर्षांनंतरची: डब्लिन, १७२९, जोनाथन स्विफ्ट. हीसुद्धा निनावीच. आयर्लंडमध्ये उपासमार, रस्त्यावर भिकारी, आणि बाजारात 'गरिबीवर उपाय' सुचवणाऱ्या आकडेबाज पुस्तिकांचा सुळसुळाट. स्विफ्ट त्या आकडेबाजाचा आवाज घेतो. देशाची लोकसंख्या पंधरा लाख. त्यात मुलं होऊ शकतील अशी जोडपी दोन लाख. मुलं पोसण्याची ऐपत असलेली तीस हजार वजा करा. गर्भपात आणि बालमृत्यू यांचे पन्नास हजार वजा करा. गरिबांची मुलं उरली वर्षाला एक लाख वीस हजार. त्यातली वीस हजार पैदाशीसाठी राखा, नर त्यात एक चतुर्थांश पुरेत. बाकीची एक लाख एक वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटासाठी विका. पोसायला खर्च दोन शिलिंग, किंमत दहा शिलिंग, आईला निव्वळ नफा आठ शिलिंग.

वजाबाकी बिनचूक आहे, आणि अंगावर काटा येतो तो तिच्यामुळेच. पण वाचकाला सावध करणारी पहिली गोष्ट आकड्यांच्याही आधी येते, आणि अनुवादात ती सर्रास हरवते. हा सज्जन गृहस्थ बाईविषयी लिहिताना जनावरांचे शब्द वापरतो. पोर आईच्या पोटी जन्मत नाही, ते 'मादी टाकते'. गरीब बायका म्हणजे 'पैदास करणाऱ्या'. इंग्रजी शिकलेल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांना हे शब्द अडत नाहीत, कारण ते जुनं इंग्रजी म्हणून खपून जातात. आपल्या भाषेत मात्र ही सोय आयती आहे. बाई बाळंत होते, गाय व्यायते, आणि या दोन क्रियापदांची अदलाबदल कुणी ऐकून घेत नाही. स्विफ्ट शिकवताना मी एकच वाक्य फळ्यावर लिहिते: "गरीब बाई व्यायल्यापासून वर्षभर..." वर्गातलं कुजबुजणं थांबतं. १७२९ च्या वाचकाला जो झटका बसला असेल तो असा.

पुढे तो फट आणखी रुंद करतो. हे मांस महाग पडेल, म्हणून जमीनदारांना शोभेल, असं तो म्हणतो. त्यांनी आईबाप बहुतेक खाल्लेलेच आहेत, तेव्हा मुलांवर पहिला हक्क त्यांचाच. शेवटाकडे तो खरोखरचे उपाय, म्हणजे परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर, देशी माल वापरणं वगैरे, एकामागून एक मोजतो आणि म्हणतो, असल्या गोष्टी माझ्याकडे बोलूच नका. आणि अगदी शेवटी हमी देतो की यात माझा काडीचा स्वार्थ नाही, माझं धाकटं मूल नऊ वर्षांचं आहे आणि बायकोला आता मूल होणार नाही. ही शेवटची ओळ मला सगळ्यात क्रूर वाटते, कारण ती इतकी सभ्य आहे.

फट कुठे ठेवायची याच्या सवयी समाजागणिक बदलतात, आणि तुम्ही अडखळता ते बहुधा इथे. स्विफ्टची फट तर्कात आहे. चिनी कादंबरीत ती बऱ्याचदा संबोधनात सापडते. वू जिंगझीची 'रूलिन वाइशी' अठराव्या शतकाच्या मध्यातली. इंग्रजीत ती 'द स्कॉलर्स' म्हणून ओळखली जाते. राजवट छिंग होती, तरी त्याने कथा आधीच्या मिंग काळात नेऊन ठेवली. मागच्या राजवटीबद्दल बोललेलं सध्याच्या राजवटीला तितकंसं बोचत नाही, ही युक्ती जगभर चालते. तिसऱ्या प्रकरणात फान जिन नावाचा चोपन्न वर्षांचा उमेदवार आहे. सरकारी परीक्षा देता देता त्याचं आयुष्य गेलेलं. सासरा हू, धंद्याने खाटीक. जावई पुढच्या परीक्षेसाठी पैसे मागायला येतो तेव्हा हा त्याला माकडतोंड्या म्हणतो, आधी स्वतःच्या मुतात थोबाड बघ म्हणतो. घरात खायला दाणा नाही म्हणून फान जिन कोंबडी विकायला बाजारात गेलेला असताना निकाल येतो: पास. त्या आनंदाने त्याला वेड लागतं, चिखलात लोळतो, एक पायताण हरवतं. लोक म्हणतात, ज्याला हा सर्वांत जास्त घाबरतो त्याने एक थोबाडीत द्यावी, उतरेल. म्हणजे हूनेच. पण हू आता बिथरतो. जावई आता आकाशातला तारा झाला, ताऱ्यावर हात उगारला तर नरकात जागा ठरलेली. दोन वाडगे दारू पोटात घालून तो कशीबशी थप्पड मारतो, वेड उतरतं, आणि याचाच हात दुखायला लागतो. देवाने शिक्षा केली, असं समजून तो लेप मागतो.

घरी परतताना जावई पुढे, सासरा मागे. झग्याची मागची बाजू चुरगळलेली दिसते म्हणून हू मान खाली घालून ती ओढून सरळ करतो, वाटभर, पन्नासेक वेळा. लेखक एका शब्दाने टिप्पणी करत नाही.

इंग्रजी अनुवादात ही गंमत येते, पण निम्मी. कारण हूची संबोधनं बदलतात ती इंग्रजीला पेलत नाहीत. मराठीला पेलतात, आणि फार छान पेलतात. सकाळी "ए माकडतोंड्या", संध्याकाळी "जावईबापू". इतकं केलं की तळटिपेची गरजच उरत नाही.

नात्सुमे सोसेकीच्या मांजराचंही तेच. १९०५ ते १९०६ मध्ये जपानी मासिकातून आलेली ही कादंबरी एका निनावी मांजराने सांगितली आहे. ते मांजर स्वतःसाठी 'वागाहाइ' हे सर्वनाम वापरतं. मिशा पिळत भाषण ठोकणाऱ्या बड्या माणसाच्या तोंडी शोभणारा शब्द. इंग्रजीत त्याचं झालं 'आय', आणि शीर्षकातला विनोद तिथेच गेला. उरलं ते "मी एक मांजर आहे", बालवाडीच्या पाठ्यपुस्तकातल्यासारखं. आता मराठीत म्हणून बघा: "आम्ही मांजर आहोत. आमचं नामकरण अद्याप व्हायचं आहे." अचानक त्या मांजराची छाती फुगते. तेव्हा परका उपहास इंग्रजीतून वाचून रुक्ष वाटला, तर दोष तुमचा किंवा मूळ लेखकाचाच असेल असं नाही. तो मधल्या दुभाष्याचाही असू शकतो.

सिनेमात तर दुभाष्याचे हात आणखी बांधलेले. दोन ओळी, ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, पडद्यावर फार तर सहा सेकंद. उपहास नेमका लांबणीत, अडखळण्यात, नको तितक्या सभ्यपणात असतो, आणि सबटायटल पहिली कात्री तिथेच लावतं.

माझी स्वतःची एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका परदेशी सिनेमाची मराठी सबटायटलं केली होती. त्यात एक अधिकारी खिडकीशी उभ्या म्हातारीला पंधरा सेकंद एकच वाक्य ऐकवतो, कर्ता नसलेलं, शेपटासारखं वाढत जाणारं. जागा वाचवायला मी लिहिलं, "उद्या या." अर्थ अचूक होता. मूळ भाषा जाणणारे दोघे-तिघे खदखदून हसले आणि बाकी सभागृह ढिम्म. घरी जाताना रिक्षात सुचलं की तिथे "सदर बाब विचाराधीन आहे" एवढंच हवं होतं. तेवढीच जागा, आणि तोच आवाज. मी शब्दांचा अनुवाद केला होता, आणि ते ज्या टेबलामागून येत होते ते टेबल गाळून टाकलं होतं.

काही सिनेमांत तर सबटायटल हरणार हे ठरलेलंच असतं. सेनेगलच्या उस्मान सेम्बेनचा 'खाला' (१९७५) घ्या. सुरुवातीला आफ्रिकन व्यापारी गोऱ्यांना चेंबर ऑफ कॉमर्समधून बाहेर काढतात, पुतळेसुद्धा बाहेर. थोड्याच वेळात तेच गोरे ब्रीफकेस घेऊन परत येतात, आत नोटांच्या गड्ड्या. मग नवे मालक भाषण करतात ते फ्रेंचमध्ये. नायक एल हाज्जी आपल्या मुलीशी फ्रेंचमध्ये बोलतो, ती हट्टाने वोलोफ या तिथल्या भाषेत उत्तर देते आणि तो भडकतो. सगळा उपहास या भाषाबदलात आहे, आणि सबटायटलात दोन्ही भाषा एकाच टायपात खाली सरकतात. ज्याला फ्रेंच आणि वोलोफचा कान नाही त्याला वाटतं, बापलेक उगाच का भांडताहेत? मी असे सिनेमे दुसऱ्यांदा बघते तेव्हा सबटायटल बंद करते. शब्द कळत नाहीत, पण कोण कधी भाषा बदलतो ते ऐकू येतं.

उलट उदाहरण 'पॅरासाइट'चं (२०१९). त्यात दोन स्वस्त इन्स्टंट नूडल्स एकत्र करून त्यावर महागडं कोरियन बीफ घालायची फर्माईश आहे. कोरियन प्रेक्षकाला एका पदार्थात दोन्ही वर्ग दिसतात. इंग्रजी सबटायटलं करणाऱ्या डार्सी पॅकेटने त्या नूडल्ससाठी 'रॅम-डॉन' असा शब्दच घडवला, आणि सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या जागी ऑक्सफर्ड टाकलं. काही शुद्धतावाद्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. मला विचाराल तर त्याने बरोबर केलं. कुठल्या विद्यापीठाचं नाव घेतलं याला महत्त्व नाही. ते नाव ऐकून प्रेक्षकाची भुवई किती वर जाते, हे महत्त्वाचं.

फट किती रुंद ठेवायची हे समोर कोण बसलंय यावरही ठरतं. सातव्या शतकात 'मत्तविलास' हे प्रहसन लिहिणारा महेंद्रवर्मा स्वतः पल्लव राजा होता. त्याला कुणाच्या बापाची भीती? त्याचा दारूडा कापालिक, म्हणजे कवटी घेऊन हिंडणारा शैव साधू, गुत्त्याचं वर्णन थेट यज्ञशाळेच्या भाषेत करतो: खांब म्हणजे यूप, दारू म्हणजे सोमरस, पिणारे म्हणजे ऋत्विज. उसना आवाज, उघडी फट, झाकपाक नाही. गोगोलची गोष्ट वेगळी. त्याचं 'इन्स्पेक्टर जनरल' १८३६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर आलं ते झार निकोलस पहिला याच्या मर्जीने. म्हणून नाटकात राजधानीतला खरा तपासनीस शेवटपर्यंत दिसतच नाही, फक्त आल्याची वर्दी मिळते. लोकांनी हसायचं ते गावच्या लाचखाऊ अधिकाऱ्यांना. पण शेवटी नगरप्रमुख प्रेक्षकांकडे वळून विचारतो, कोणाला हसताय? स्वतःलाच हसताय! हे नाटक मराठीत पुलंनी 'अंमलदार' म्हणून आणलं आणि ते इथलंच वाटलं, कारण वरून कुणीतरी तपासणीला येणार या नुसत्या वार्तेने कचेरीत जी तारांबळ उडते तिला तळटीप लागत नाही.

मिलोश फोरमनच्या 'द फायरमेन्स बॉल'मध्ये (१९६७) तर फट शोधायलाच लागत नाही, आणि तीच त्या सिनेमाची अडचण झाली. एका चेक गावात अग्निशमन दलाचा समारंभ. लॉटरीची बक्षिसं एकेक करून चोरीला जातात. समिती ठरवते: दिवे बंद करू, ज्याने जे उचललं असेल ते अंधारात गुपचूप परत ठेवावं. दिवे लागतात तेव्हा टेबलापाशी एकच माणूस सापडतो, समितीतलाच, बायकोने ढापलेलं डुकराचं मांस परत ठेवताना. बाकीची उरलीसुरली बक्षिसंही अंधारात गायब. मग समितीत वाद पेटतो, पण चोरांवरून नाही. या मूर्खाने परत ठेवायला जाऊन दलाची अब्रू घालवली म्हणून. कलाकार बहुतेक गावचे खरे अग्निशमनवाले. इथे उसना आवाज 'समितीच्या बैठकी'चा आहे, आणि बैठकीला बसलेला कुठल्याही देशाचा माणूस ती भाषा ओळखतो. सोव्हिएत रणगाडे आल्यानंतरच्या राजवटीनेही ती ओळखली आणि सिनेमावर बंदी आली.

आपल्याकडे 'किस्सा कुर्सी का'च्या मूळ प्रिंट आणीबाणीत नष्ट केल्या गेल्या आणि अमृत नाहाटांना तो नव्याने काढून १९७८ मध्ये आणावा लागला. बंदीच्या कथा सांगायला रंगतदार असतात, पण त्यांनी उपहासाची प्रत ठरत नाही. बंदी आलेले कंटाळवाणे सिनेमे मी ढिगाने पाहिलेत.

आता उलटी बाजू. आवाज इतका आपलासा वाटावा की फट कुणाला दिसूच नये, असंही होतं, आणि त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नसते. १९७१ मध्ये अमेरिकी टीव्हीवर 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका सुरू झाली. तिचा आर्ची बंकर वंशद्वेषी, आढ्यतेखोर, हसायचं त्याला. १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते त्यांना आर्ची आपला माणूस वाटत होता, तोच खरं बोलतो असं वाटत होतं. म्हणजे एकाच खोलीत, एकाच विनोदाला, दोन माणसं उलट कारणांनी हसत होती. डिफोचं झालं तेच, फक्त या वेळी लाकडी चौकटीत कोणी उभं राहिलं नाही.

काळानेही तेच होतं. अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले' आली १९२५ मध्ये, रविकिरण मंडळाच्या आणि एकूणच तेव्हाच्या कवितेच्या लकबींवर. आज वर्गात वाचून दाखवते तेव्हा मुलं धडाधड हसतात ती सरळ विनोदाच्या जागांवर. विडंबनाच्या जागा कोऱ्या जातात, कारण माधव ज्यूलियनांची गझल कुणाच्या कानात नाही. भाषा तीच, आणि तरी उपहास परका. मी आता आधी मूळ कविता वाचून दाखवते, गंभीरपणे, चेहरा सरळ ठेवून. मग अत्रे. निकाल अगदी वेगळा येतो.

परक्या उपहासालाही मी हाच उपाय सांगते. पुस्तकाआधी प्रस्तावना वाचू नका. ज्या आवाजाची उसनवारी झाली आहे त्याचा एक खरा नमुना वाचा किंवा ऐका. कुब्रिकचा अणुयुद्धावरचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) बघायच्या आधी शीतयुद्धातल्या एखाद्या खऱ्या नागरी संरक्षण फिल्मची पाच मिनिटं पुरेत. अणुबॉम्ब पडला तर शाळेतल्या मुलांनी बाकाखाली कसं शिरावं, हे एक कासव हसतमुखाने शिकवतं. त्यानंतर कुब्रिकच्या सेनापतींची शांत, जबाबदार भाषा कानाला वेगळीच लागते. 'जाने भी दो यारो' (१९८३) एखाद्या परदेशी मित्राला दाखवायचा असेल तर आधी द्रौपदी वस्त्रहरणाचा एखादा साधा, भाविक प्रयोग दाखवा. नाहीतर शेवटी त्याला साडी नेसवलेलं एक प्रेत आणि त्याच्याभोवती धावणारी माणसं एवढंच दिसेल. पौराणिक नाटकाच्या भारदस्त भाषेत बिल्डर आणि अधिकारी प्रेतासाठी ओढाताण करतात, ही त्यातली मौज आहे.

आणि रूपांतरांकडे नाक मुरडू नका. लंडनला १७२८ मध्ये जॉन गेने इटालियन ऑपेराचा थाट घेऊन त्यात चोर-दरोडेखोर उभे केले. निशाणा पंतप्रधान वॉलपोल. दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिनला ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी तेच कथानक जॅझ आणि कॅबरेच्या सुरात बसवलं. वॉलपोल गेला, भांडवलदार आला. पुलंनी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला तेव्हा ऑपेरा गेला आणि तमाशाचा बाज आला. तिघांनीही आधी आवाज बदलला, निशाणा त्यामागून आपोआप बदलला. मात्र आवाज नुसता गोड झाला की काय होतं हेही याच गोष्टीत दिसतं: बर्लिनच्या ज्या सुखवस्तू प्रेक्षकाला टोचायचं होतं तोच गाणी गुणगुणत घरी गेला, आणि त्यातलं खुनी मॅकचं गाणं तीस वर्षांनी अमेरिकेत नाचायचं गाणं म्हणून पहिल्या क्रमांकावर पोचलं. 'ॲनिमल फार्म'च्या १९५४ च्या ॲनिमेशनपटाला सीआयएने गुपचूप पैसा पुरवला होता. ऑर्वेलच्या पुस्तकात शेवटी खिडकीबाहेरच्या जनावरांना डुक्कर कोणतं आणि माणूस कोणता हे ओळखू येत नाही. सिनेमात जनावरं डुकरांविरुद्ध उठाव करतात. ऑर्वेलने दोन्हीकडे उघडी ठेवलेली फट इथे एका बाजूने बुजवून टाकली.

सुरुवात कुठून, तर लांबलचक कादंबरीपासून नको. ब्राझीलच्या मशादो द असीसची 'द एलिएनिस्ट' ही दीर्घकथा (१८८२) घ्या, दोन बैठकींत होते. गावात वेड्यांचं इस्पितळ काढणारा डॉक्टर शास्त्रीय काटेकोरपणाने एकेकाला आत टाकत जातो. गावातले पाचातले चार लोक आत गेल्यावर त्याला शंका येते की व्याख्याच उलटी असावी. शास्त्रज्ञाचा हा आवाज कुठल्याही देशात ओळखीचा आहे, म्हणून पहिल्या वाचनाला सोपी. मग फान जिनचं तिसरं प्रकरण, तेवढंच.

सिनेमात मी स्पेनच्या बर्लांगाचा 'एल वेर्दुगो' (१९६३) सुचवीन, फ्रँकोच्या हुकूमशाहीतला. अंत्यविधीच्या धंद्यातला एक साधा तरुण फाशीगराच्या मुलीशी लग्न करतो आणि सरकारी घर हातचं जाऊ नये म्हणून सासऱ्याची नोकरी पत्करतो. प्रत्यक्ष काम कधी निघणारच नाही, अशी आशा धरून. काम निघतं. शेवटाकडे एक प्रचंड, रिकामी, पांढरी खोली वरून दिसते. तिच्यातून माणसांचे दोन घोळके एकामागोमाग जातात. पुढच्या घोळक्यात मरायला निघालेला कैदी, स्वतःच्या पायांनी चालत. मागच्या घोळक्यात कुणाला तरी धरून फरपटत नेतायत, पाय लटपटताहेत, तो हा फाशीगर. संवाद जवळपास नाहीत, सबटायटलाला तिथे काही काम नाही. पहिल्यांदा बघाल तेव्हा मागच्या घोळक्याकडे बघा. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्यांकडे, ते किती समजूतदारपणे, किती आपुलकीने धरताहेत तिकडे.

काम उरकून बोटीवर परतल्यावर हा जावई म्हणतो, पुन्हा हे करणार नाही. कडेवर नातू घेऊन उभा असलेला सासरा म्हणतो, मीही पहिल्या वेळी असंच म्हणालो होतो.